थांबवता येतं का, एवढं मी आधी बघतो

आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिक्षण आणि तंत्रज्ञान हे दोन शब्द एकत्र आले की पुढचं नाव ठरलेलं असतं. माढा तालुक्यातलं परितेवाडी, तिथली झेडपीची शाळा, रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर आणि त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकणं. आणि अर्थातच क्यूआर कोड. तो सगळ्यांना माहीत आहे, कारण पुढे तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर आला, एनसीईआरटीच्या पुस्तकांवरही आला. पण पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनने गुरुजींची जी ओळख करून दिली होती, तिच्यात कोडच्या आधीची एक गोष्ट आहे. मुलांच्या घरी कन्नड, पुस्तकं मात्र वेगळ्या भाषेत. गुरुजी स्वतः खटपट करून कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांना कळतील अशी नव्याने केली आणि त्यांत कोड घातले. कोडमागे कविता होत्या, गोष्टी होत्या, धडे होते.

कोडची नक्कल देशभर झाली. कन्नड शिकण्याची फारशी झाली नाही. त्याचा जीआर काढता येत नाही ना!

हे आठवायचं कारण म्हणजे परवा एका प्रशिक्षणात मला तोंडावर विचारलं गेलं, "सर, तुमचा टेक्नॉलॉजीला विरोध आहे का?" तिथे दोन वाक्यांत काहीतरी बोललो, पण उत्तर लांब आहे. म्हणून ही पोस्ट.

मी शहराच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवतो. पूर्व भाग म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. घराघरात तेलुगू, मधूनच कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू, आणि मैदानावर सगळ्यांची मिळून "काय बे, कुठं बे"वाली सोलापुरी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. माझ्या वर्गातलं पोर मराठी बोलतं झकास. पण "अप्रकट उष्मा" किंवा "आंतरलिखित कोन" कानावर पडला की ते क्षणभर थांबतं. मनातल्या मनात घरच्या भाषेकडे जाऊन येतं. तेवढा एक क्षण त्याला मिळाला तर ते शिकतं. नाही मिळाला तर मान डोलावतं, आणि मान डोलावणाऱ्या पोरावर मास्तर खूश असतो.

त्यामुळे शाळेत कुठलंही नवं यंत्र आलं की मी आधी एवढंच बघतो, की हे पोराला थांबवता येतं का. पुन्हा मागे नेता येतं का. माग चालू असताना धागा तुटला तर माग बंद करून गाठ मारावी लागते, हे पूर्व भागातल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. वर्गात मात्र धागा तुटला तरी माग चालूच असतो.

आता पॅनलचं सांगतो. गेल्या काही वर्षांत बऱ्याच शाळांत भिंतीएवढे इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारे मोठे पडदे, बसले. आमच्याकडेही आहे, आणि चांगलं आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यात भरून आलेल्या तयार धड्यांबद्दल.

दहावीच्या विज्ञानात उष्णतेचा धडा आहे. बर्फाला उष्णता देत राहिलं की शून्य अंशावर बर्फ वितळतो, पण वितळेपर्यंत तापमान वाढत नाही. आलेखावर आडवी रेघ. मग पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापतं, रेघ वर चढते. मग उकळतं, पुन्हा आडवी रेघ. तयार धड्यात हे सगळं रंगीत ॲनिमेशनमध्ये काही सेकंदांत होतं. बर्फ गेला, पाणी झालं, वाफ झाली, टाळ्या. दोन्ही आडव्या रेघा जवळजवळ सारख्या लांबीच्या.

आणि इथंच घोळ आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेच पाणी शून्यापासून शंभरपर्यंत न्यायला १०० कॅलरी. आणि शंभर अंशांवरच्या त्याच पाण्याची वाफ करायला ५४०. म्हणजे ज्योत सारखीच ठेवली तर तापायला जेवढा वेळ लागला त्याच्या पाचपटीहून जास्त वेळ पाणी नुसतं उकळत बसणार, आणि तापमापी ढिम्म हलणार नाही. धडा त्या ढिम्म उभ्या पाऱ्यातच आहे. ॲनिमेशनने नेमकी तीच वाट बघणं कापून टाकली. कंटाळवाणी वाटली असेल करणाऱ्याला.

मी बर्फ आणतो. शाळेत बर्फ आणणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्यालाच कळेल. गाडीवरून शाळेत पोचेपर्यंत निम्मा पिशवीतून गळतो. पसरट भांडं, बर्नर, तापमापी. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दर अर्ध्या मिनिटाला एक पोर आकडा ओरडतं, दुसरं लिहितं. शून्य, शून्य, शून्य. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, तापमापी बिघडली." हाच आवाज मला हवा असतो! कुणीतरी म्हणतं बर्नर गेला. मग सगळे वाकून ज्योत बघतात. ज्योत आहे, उष्णता जाते आहे, तापमान वाढत नाही, मग जाते कुठे? हा प्रश्न पोरांनी विचारल्यावर "अप्रकट" उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता बर्फ वितळवण्यात जाणारी उष्णता, समजावून सांगायला मला फार बोलावं लागत नाही.

आणि हो, त्यानंतर पॅनल लावतोच. पोरांनी लिहिलेले आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायचे आणि आलेख काढायचा. त्यांचा स्वतःचा आलेख, वाकडातिकडा, एक आकडा चुकीचा वाचल्यामुळे मधेच उडी मारलेला. ती उडी कशामुळे, यावरच पोरं भांडतात. पॅनलचा याहून चांगला उपयोग मला तरी सापडलेला नाही.

भूमितीत जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर, असंच कामाला येतं. वर्तुळाच्या एकाच कंसात आंतरलिखित झालेले सगळे कोन एकरूप असतात, हे मी फळ्यावर सिद्ध करून देतोच. पण पोरगी स्वतः बोटाने तो बिंदू वर्तुळावर सरकवते, कोनाचं माप हलत नाही म्हणून आणखी सरकवते, मग मुद्दाम जीवेच्या पलीकडे नेते, तिथे माप एकदम बदलतं आणि ती माझ्याकडे वळून बघते. सरकवणं तिच्या हातात आहे, थांबणंही. मी मधे बोलत नाही.

जरा मागे जाऊन बघितलं तर हा झगडा जुनाच आहे. १९७५-७६ साली अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरदर्शन संच लावले, साइट म्हणतात तो प्रयोग. आपल्या शेजारचं कर्नाटक त्यात होतं. शाळेतल्या मुलांसाठी खास कार्यक्रम होते आणि त्यामागे देशातले उत्तम लोक होते. नंतर १९८४ मध्ये आपल्याकडे पुण्यात बालचित्रवाणी, म्हणजे मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था, सुरू झाली. प्रयत्न प्रामाणिक होते, पण प्रक्षेपण ठरल्या वेळी सुरू व्हायचं आणि ठरल्या वेळी संपायचं. मधे कुणाला कळलं नाही तर हात वर करायला समोर कुणी नव्हतं. त्यामानाने कॅसेटचा टेपरेकॉर्डर साधा, पण त्याला मागे नेण्याचं बटण होतं. माझ्या मते शाळेत आलेल्या यंत्रांत त्याची किंमत आपण कमी केली.

कॅसेटचं काम आज व्हॉट्सॲपचा ऑडिओ करतो. मला मिळालेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकलेलं साधन हेच.

झालं असं की बालभारती तेलुगू आणि कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते, आणि ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. मला वाटलं, मराठी पान आणि तेच तेलुगू पान पॅनलवर शेजारीशेजारी लावू. पोरं बघत बसली. घरी तेलुगू बोलणाऱ्या बहुतेकांना तेलुगू लिपी वाचताच येत नाही! एकीची आजी वाचणारी निघाली, तिने घरी वाचून दाखवलं, तर पोरगी दुसऱ्या दिवशी म्हणते, "सर, हे आमच्या घरचं तेलुगू नाही. हे बातम्यांतलं आहे." बरोबरच आहे. पिढ्यान्पिढ्या सोलापुरात मुरलेलं तेलुगू, त्यात मराठी, त्यात कन्नड. ते कुठल्याही पुस्तकात नाही आणि भाषांतर करणाऱ्या यंत्रातही नाही.

मग आमच्याच शाळेतून बाहेर पडलेल्या, आता ज्युनिअर कॉलेजात असलेल्या एका मुलीला म्हटलं, तू सांग. तिने भिंगांचा धडा घरच्या भाषेत सांगून पाठवला. "नाभी", "अपवर्तन", "वास्तव प्रतिमा" हे शब्द मराठीच ठेवले, कारण परीक्षेत तेच लिहायचे आहेत. बाकी सगळं बोलणं ओट्यावर बसून बहिणीला सांगावं तसं. मागे मागाचा खडखडाट ऐकू येतो. ते ऑडिओ पोरं विड्यांची पानं कातरता कातरता ऐकतात, हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. आणि घरात एकच फोन असला, तो रात्री वडील आल्यावरच मिळत असला, तरी आठ-दहा मिनिटांच्या ऑडिओला डेटा कितीसा लागतो?

यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही, असं एक सहकारी म्हणाले. खरं आहे. शाळेला "डिजिटल" म्हणवून घेण्यासाठी हे दाखवताही येत नाही, कारण ऑडिओचा फोटो निघत नाही.

फोटोवरून आठवलं. शिक्षकाच्या हातातल्या फोनचं काय झालंय, हे शाळेबाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. हजेरी ॲपवर, आहाराची माहिती ॲपवर, उपक्रमाचा फोटो लिंकवर, प्रशिक्षणाला हजर असल्याचं फॉर्मवर, आणि प्रत्येक संदेशाच्या शेवटी "आजच्या आज". तास चालू असताना फोन थरथरतो. पोराला एक क्षण द्यायचा तर तो मास्तरकडे असावा लागतो. मला विचाराल तर वर्गातल्या तंत्रज्ञानाचं सगळ्यात मोठं नुकसान पॅनलने केलं नाही, फॉर्मने केलं आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, आमचे लोक समजून घेतील.

आता एआय. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. आज तर व्हॉट्सॲपमध्येच उत्तर देणारा निळा गोल बसला आहे, वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही. पोरं पुस्तकातल्या गणिताचा फोटो काढतात, सिद्धता तयार. गृहपाठाच्या वह्या एकदम सुंदर झाल्या. कधीकधी वहीत "वर्तुळा"ऐवजी "वृत्त" येतं, म्हणजे यंत्राने हिंदीच्या अंगाने उत्तर दिलं आणि पोराने ते डोळे मिटून उतरवलं. मी रागावत नाही. "असर" या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं, आणि त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. खेड्यात ही स्थिती, तर शहरात फोनबंदीचे फलक लावून काय साधणार?

पण माझी कसोटी इथेही तीच, आणि इथे गंमत अशी की यंत्र तिला उतरतंही आणि उतरत नाहीही. तेच यंत्र एकाच गोष्टीचं स्पष्टीकरण कितीही वेळा देतं, वैतागत नाही, "एवढं पण कळत नाही का" म्हणत नाही. लाजरं पोर त्याला जे विचारतं ते मला कधीच विचारणार नाही. दुसऱ्या बाजूला, प्रश्न नीट वाचून व्हायच्या आत उत्तर समोर येतं. बर्फाच्या ॲनिमेशनसारखंच, मधली आडवी रेघ गायब.

म्हणून घरून लिहून आणलेल्या सिद्धतेला मी आता गुण देत नाही. पोराने फळ्याशी यायचं, यंत्राचीच सिद्धता लिहायची, हरकत नाही. वर्गातल्या कुणीही कुठल्याही पायरीला "थांब" म्हणायचं आणि "हे का?" विचारायचं. पक्षावरून, म्हणजे गणितात दिलेल्या माहितीवरून आलं, की आधीच्या प्रमेयावरून, की तसंच दडपून लिहिलं? यंत्राने दडपलेली पायरी पकडली की वर्गात असा काही गोंधळ होतो की शेजारच्या वर्गातल्या मॅडम येऊन बघतात. या पद्धतीने अभ्यासक्रम मागे पडतो, हे मी लपवत नाही. फेब्रुवारीत जादा तास घ्यावे लागतात आणि पालकांची कुरकूर ऐकावी लागते. ती मी ऐकतो.

बरं, काम असं आहे. तेलुगूतले भिंगांचे आणि उष्णतेचे ऑडिओ तयार आहेत. कन्नड आणि उर्दूचे नाहीत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचं घरचं कन्नड बोलणारं, किंवा आपल्याकडची उर्दू बोलणारं, दहावीचं विज्ञान ज्याला येतं असं कुणी असेल तर मेसेज करा. कॉलेजची मुलं-मुली चालतील, उलट तीच हवीत. स्टुडिओ नको, चांगला माइक नको, छापील भाषा तर नकोच. धडा मराठीतला मी पाठवतो, पारिभाषिक शब्दांची यादीही देतो. एका ऑडिओत एकच मुद्दा, आणि मधेमधे थोडं थांबायचं.