फॉर्म ऑनलाइन, गठ्ठा पोस्टानं

विद्यापीठाची प्राध्यापक भरतीची जाहिरात आली की तालुक्या-तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर एकच चित्र दिसतं. बगलेत प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये दहावीच्या सनदेपासून पीएच.डी. मिळाल्याच्या नोटिफिकेशनपर्यंत सगळी कागदं, आणि मुदत संपायला दोन दिवस. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा होऊन वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढलेला माणूस असतो तो. त्याचा फॉर्म बाद झाला की कारण काय निघतं? एखादी तारीख, एखादं आडनाव, न जोडलेलं एखादं पान. विषय त्याला किती येतो, तिथपर्यंत गाडी पोचतच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं विद्यापीठांचा ऑनलाइन अर्ज अर्धाच ऑनलाइन आहे आणि उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड उमेदवार भरतोय. ते बदलेल तेव्हा बदलेल. तोवर कुठं काय अडतं ते नीट माहीत असलेलं बरं, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

आधी जाहिरात कोणाची ते बघा. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली येतात आणि शिक्षकांच्या पात्रतेला विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २०१८ ची नियमावली लागते. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९८३ च्या वेगळ्या कायद्याखाली चालतं, तिथली पात्रता त्यांच्याच नियमांतून वाचायची. हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठात अर्ज करायचा असेल तर यूजीसीनं मे २०२३ मध्ये सुरू केलेलं सीयू-चयन पोर्टल आहे. एकीकडं भरलेला फॉर्म बघून दुसरीकडचा भरायला गेलं की तिथंच घोळ होतो.

आता गुणांचा हिशेब. हा फॉर्म भरताना नव्हे, फॉर्मच्या आधी कागदावर मांडायचा. यूजीसीच्या तक्त्यात विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीला १०० गुण आहेत. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला ३०. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसह नेट ७, नुसती नेट ५, सेट ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल १०. अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. पुरस्कारांना ३. जाहिरातीच्या परिशिष्टात वेगळा तक्ता दिला असेल तर तोच धरायचा, आणि मुलाखतीला वजन किती तेही तिथंच बघायचं, कारण ते मधल्या काळात बदलत आलंय.

एक नमुना मांडून बघा. बी.एस्सी. ६२ टक्के म्हणजे १३. एम.एस्सी. ५८ टक्के म्हणजे २०. पीएच.डी. ३०, सेट ३, चार शोधनिबंधांचे ८, तीन वर्षांच्या अनुभवाचे ६. बेरीज ८०. आता पीएच.डी.चं नोटिफिकेशन जोडायचं राहिलं असं समजा. एका पानापायी ८० चे ५० होतात, आणि छाननी समिती फोन करून ‘बाबा, तुझं पान राहिलंय’ असं सांगत नसते.

टक्केवारीच्या रकान्यात लोक उगाच मोठं मन दाखवतात. ५४.९५ चे ५५ होत नाहीत, ५९.८ चे ६० होत नाहीत. पदव्युत्तरला ६० च्या अलीकडं २० गुण आणि पलीकडं २३, म्हणजे दीड शोधनिबंधाचा फरक आहे तिथं. म्हणून सीजीपीए असेल तर मनानं दहानं गुणून मोकळं होऊ नका. रूपांतराचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र काढा आणि तेच पान गुणपत्रिकेला चिकटून एका पीडीएफमध्ये द्या. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रिमीलेयर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना पदव्युत्तरच्या किमान ५५ च्या जागी ५० टक्के चालतात, पण ती सवलत प्रवर्गाचा कागद जोडला तरच.

अनुभवाचं दुखणं सीएचबीवाल्यांना विचारा. तासिका तत्त्वावरची ऑर्डर अशी सलग नसतेच. समजा १५ जुलै ते ३१ मार्च अशी तीन वर्षं ऑर्डर आहे. माणूस फॉर्ममध्ये ‘अनुभव ३ वर्षे’ लिहितो आणि ६ गुण धरतो. प्रत्यक्षात ते साडेआठ महिने गुणिले तीन, म्हणजे साडेपंचवीस महिने होतात, आणि वर्षापेक्षा कमी काळाला गुण त्या प्रमाणातच मिळतात. सव्वाचार गुण, बस्स. दावा ६ चा आणि कागद सव्वाचारचा निघाला की छाननीवाला पुढचे सगळे रकाने संशयानं वाचतो. म्हणून प्रत्येक वर्षाचा नेमणूक आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं स्पष्ट लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र, तिन्ही एकत्र लावा. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढंच लिहिलेल्या प्राचार्यांच्या पत्राला काही किंमत नाही. सहयोगी प्राध्यापकाच्या जागेला तर हंगामी सेवा मोजायची अटच कडक आहे: रीतसर निवड समितीतून नेमणूक हवी आणि पगार नियमित शिक्षकापेक्षा कमी नको. सीएचबी त्यात बसत नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

सेटबद्दल सीमाभागातल्यांना मुद्दाम सांगायचंय. देगलूर, उदगीर, निलंगा, उमरगा इकडची मुलं शिकायला कर्नाटक-तेलंगणात जातात आणि तिकडची सेट काढून येतात. १ जून २००२ नंतरची राज्य सेट त्या-त्या राज्यापुरतीच धरतात. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती महाराष्ट्र-गोव्याची सेट लागते, नाहीतर नेट. ड्रॉपडाउनमध्ये ‘सेट’ हा पर्याय दिसतो म्हणून फॉर्म पुढं सरकतो, फीसुद्धा घेतली जाते. बाद होतो तो महिन्या-दोन महिन्यांनी छाननीत. हा रकाना पोर्टलला राज्याचं नाव विचारूनच पुढं जाऊ देता आला असता. फी घ्यायला बरा चालतो तो प्रोग्राम.

शोधनिबंधांच्या बाबतीत लोक गोणीभर अपलोड करतात. कमाल १० गुण, निबंधाला २, म्हणजे पाच चांगले पुरेत. प्रत्येकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) दिसणारं पान असू द्या. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी फॉर्ममध्ये तो रकाना अजून सापडतो. निबंध छापला तेव्हा नियतकालिक यादीत होतं याचा पुरावा तुमच्याकडं जपलेला असला तर बरं.

पीएच.डी. असून नेट-सेट नसेल तर नियमावलीचं प्रमाणपत्र लागतं. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी झालेल्यांना पाच मुद्द्यांचं: पीएच.डी. नियमित पद्धतीनं झाली, प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांनी तपासला, मौखिक परीक्षा खुली झाली, दोन शोधनिबंध छापले, दोन परिषदांत वाचले. त्यानंतरच्यांना २००९, २०१६ किंवा २०२२ च्या नियमावलीप्रमाणं पदवी मिळाल्याचं. दोन्ही कागद विद्यापीठातून सहीशिक्क्यानिशी येतात आणि दोन दिवसांत येत नाहीत. जाहिरातीची वाट न बघता आजच अर्ज टाका.

प्रवर्गाच्या कागदांत सगळ्यात जास्त माणसं नॉन क्रिमीलेयरवर अडकतात. प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि जाहिरातीची शेवटची तारीख एप्रिलमध्ये असली की जुना कागद रद्दी. त्यात गैरसमज असा की, ‘आमची शेती आहे, उत्पन्न आठ लाखांच्या वर दाखवलं तर मिळणार नाही.’ ओबीसीच्या नॉन क्रिमीलेयरला आई-वडिलांचं उत्पन्न बघतात आणि त्यात पगार व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटक) मात्र उलट आहे, तिथं शेतीसकट सगळं धरतात आणि प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतंच चालतं. केंद्रीय विद्यापीठाला ओबीसीचा केंद्राचा नमुना वेगळा लागतो. राज्याचा मराठीतला कागद तिथं टाकून उपयोग नाही.

२ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटियरच्या शासन निर्णयानंतर ज्यांनी कुणबी प्रमाणपत्र काढलंय त्यांनी नुसत्या जातीच्या दाखल्यावर निर्धास्त राहू नये, जात वैधता वेगळी आहे आणि ती वेळ खाते. फॉर्ममध्ये प्रवर्ग एकदा निवडला की तो मागून बदलून मिळत नाही असंच समजून चाला.

नावाचा गोंधळ तर आपल्याकडं घरोघरी आहे. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, लग्नानंतर पदव्युत्तरच्या गुणपत्रिकेवर सासरचं नाव, पीएच.डी. परत माहेरच्या नावानं. फॉर्म दहावीच्या सनदेप्रमाणं भरा आणि बदललेल्या नावासाठी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद असलं तर घाबरू नका, ते कागद जसेच्या तसे चालतात. पत्त्याच्या ड्रॉपडाउनमध्ये आज जे नाव दिसेल ते निवडायचं.

संगणकापुढचं थोडक्यात. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला की त्यात २४८० गुणिले ३५०८ ठिपके येतात आणि फाईल फुगते. १५० डीपीआय आणि ग्रेस्केल ठेवा, ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात आणि अक्षर तरीही वाचता येतं. मोबाइलनं तिरका फोटो काढून त्याची पीडीएफ केली की शिक्क्याचा गोल अंधारात जातो आणि प्रत ‘अवाचनीय’ ठरते. देवनागरीत नाव लिहायच्या रकान्यात कृतीदेव या जुन्या फॉन्टमधून उचलून चिकटवलं तर रोमन अक्षरांची खिचडी उमटते, तिथं युनिकोड कळफलकच हवा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: सेंटरवाल्याचा ईमेल आणि मोबाइल नंबर फॉर्ममध्ये टाकू देऊ नका. घाईत तो स्वतःचाच टाकतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, आणि मुलाखतीचं पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये तीनशे मेलखाली पडून राहतं.

फी कापली गेली आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. अर्ध्या-पाऊण तासानं लॉगिन करून व्यवहाराची स्थिती तपासा, बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. फसलेल्या व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत परत यावेत असं रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक सांगतं. मात्र शेवटचा दिवस आणि संध्याकाळ असेल तर माझं मत वेगळं आहे: सरळ पुन्हा भरा. अडकलेले पैसे मागून घेता येतात, गेलेली तारीख येत नाही. आणि ‘ड्राफ्ट सेव्ह’ म्हणजे अर्ज गेला नव्हे. अर्ज क्रमांक छापलेली पीडीएफ हातात आली की गेला.

आता त्या गठ्ठ्याकडं येतो. एवढं सगळं अपलोड करून झाल्यावर जाहिरात म्हणते, छापील अर्ज सर्व कागदांच्या स्वसाक्षांकित प्रतींसह इतक्या संचांत पाठवा. सहा संच म्हटले आणि संच ८० पानांचा झाला तर ४८० पानं. झेरॉक्स, स्पायरल, लिफाफा, पोस्ट. अपलोड केलेल्या पीडीएफ मग कशाला घेतल्या, याचं उत्तर कुणी देत नाही. समितीच्या सदस्यांना पडद्यावर वाचायचा कंटाळा आहे एवढंच मला तरी त्यातून दिसतं, आणि तो कंटाळा किनवटच्या उमेदवाराच्या खिशातून भागतो. तीन पदांना अर्ज केला तर तीन फिया आणि तीन गठ्ठे. मूळ कागद मुलाखतीला तपासणारच असाल तर त्याआधी एकही छापील पान मागायचं कारण नाही.

तरी मागितलंय तोवर पाठवावं लागेल. छापील अर्जाची शेवटची तारीख ही बहुतेक वेळा पोचायची असते, टाकायची नव्हे. जाहिरातीत अजून ‘रजिस्टर पोस्टाने’ लिहिलेलं असतं, पण २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर स्पीड पोस्टात मिसळून टाकलंय, त्यामुळं स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. लिफाफ्यावर जाहिरात क्रमांक, पद, विषय, प्रवर्ग मोठ्या अक्षरात. स्वतः नेऊन देणार असाल तर आवक-जावक विभागात आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोकरीत असलात तर संस्थेमार्फत जाणारा अर्ज सवडीनं जाईल, आगाऊ प्रत मात्र मुदतीत स्वतः पाठवा.

छाननीची यादी संकेतस्थळावर लागते आणि हरकतीला दिवस मोजकेच असतात. त्या दिवसांत ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं दोन पानी पत्र लिहू नका. अर्ज क्रमांक, कोणत्या रकान्यात किती गुण धरले, किती हवे होते, आणि त्याचा पुरावा अर्जाच्या कितव्या पानावर आहे, एवढ्या चार ओळी पुरतात. त्यासाठी गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक पानावर क्रमांक टाकलेला हवा, पेन्सिलनं का होईना.