‘जनुकीय इंजेक्शन घ्या, गोळ्या सोडा’ या दाव्याचा प्रतिवाद

हृदयप्रत्यारोपणानंतर नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदू नयेत म्हणून एकदाच घ्यायचे ‘जनुकीय इंजेक्शन’ निघाले आहे, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ते घेतले की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बंद करता येतात, अँजिओग्राफीची गरज उरत नाही आणि औषध कंपन्यांनी हे सारे दडवून ठेवले आहे, असेही त्यात म्हटले आहे. माझ्या मावसभावाचे हृदय प्रत्यारोपित आहे. हा संदेश वाचून ‘मग टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारी त्याची गोळी) आता कशाला?’ असे त्याने मला विचारले, आणि त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

सर्वांत घातक दावा गोळ्या सोडण्याचा आहे. प्रत्यारोपित हृदय कितीही वर्षे धडधडत राहिले, तरी शरीराच्या लेखी ते परकेच असते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे परक्यावर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना आवर घालतात. हा आवर सुटला की त्या पेशी केवळ रक्तवाहिन्यांवर नव्हे, तर हृदयाच्या स्नायूवरच चालून जातात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार पूर्णपणे टाळणारा जनुकीय उपचार उद्या खरोखरच आला, तरी स्नायूवरचा हल्ला थोपवण्यासाठी गोळ्या घ्याव्याच लागतील. शिवाय या हल्ल्यांत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, त्या इजेच्या प्रतिक्रियेत वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी वाढत जातात आणि वाहिनी सर्व बाजूंनी आतून जाड होत अरुंद होते. म्हणजे जो आजार टाळण्याचे आमिष हा संदेश दाखवतो, तोच आजार त्याचा सल्ला ऐकल्याने बळावतो. एवढा साधा विचार न करता असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

यात अर्धसत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये असे दाखवले होते की, पेशीविभाजनाला लागणाऱ्या एका जनुकाचे काम रोखणारे छोटे रेणू उंदरांच्या प्रत्यारोपित हृदयात सोडल्यास रक्तवाहिन्या जाड होण्याचे प्रमाण घटते. पुढे ‘ई२एफ’ या प्रथिनाला चकवणारे डीएनएचे तुकडे वापरून माकडांतही आशादायक निष्कर्ष मिळाले. हे तुकडे रुग्णाचे जनुक बदलत नाहीत. ते ‘ई२एफ’ला स्वतःकडे गुंतवून ठेवतात आणि विभाजनाचा आदेश पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. दात्याचे हृदय बसवण्यापूर्वी काही काळ शरीराबाहेर असते, तेव्हाच हा उपचार त्या हृदयापुरता करता येईल, ही कल्पना खरोखरच सुंदर आहे.

परंतु माणसांत काय झाले? याच तत्त्वावरच्या एडिफोलिगाइड या औषधाची ‘प्रिव्हेंट-४’ नावाची चाचणी बायपास शस्त्रक्रियेच्या ३,०१४ रुग्णांवर झाली. पायातून काढलेली शीर हृदयावर जोडण्यापूर्वी औषधाच्या द्रावणात दाबाखाली ठेवली जाई. वर्ष-दीड वर्षाने अँजिओग्राफी केली, तेव्हा जोडलेली शीर निकामी झालेल्यांचे प्रमाण औषध दिलेल्या गटात ४५.२ टक्के आणि न दिलेल्या गटात ४६.३ टक्के निघाले; म्हणजे उपयोग झालाच नाही. ही चाचणी प्रत्यारोपणाची नव्हती हे खरे, पण उंदीर-माकडांतले यश माणसात तसेच उतरेल असे गृहीत धरता येत नाही, हे तिने स्पष्ट केले. हा निकाल २००५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात छापून आला, त्यामुळे दडवादडवीच्या आरोपावर वेगळे काही लिहायला नको.

राहिला तपासणीचा मुद्दा. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटतात, म्हणून रक्तपुरवठा कमी पडला तरी अशा रुग्णाच्या छातीत बहुधा दुखत नाही. त्रास नाही म्हणून अँजिओग्राफी टाळणे त्यामुळेच धोक्याचे ठरते. रक्तवाहिन्यांचा हा आजार लांबवण्यासाठी आज स्टॅटिन आणि एव्हरोलिमससारखी औषधे आहेत. दोन्ही गोळ्याच आहेत, आणि मावसभावाला त्यांतले काय व किती द्यायचे हे त्याच्या प्रत्यारोपण-तज्ज्ञांनीच ठरवायचे आहे.