‘पाच बोल्ट जुळले की चाक बसलं’ म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं

सध्या जुन्या पोर्शे ९४४ बद्दल एक फॉरवर्ड जाम फिरतोय. मजकूर साधारण असा: "ऐंशीच्या दशकातली ९४४ स्वस्तात घ्या, तिला बॉक्सटरची नाहीतर ९९६ ची रुंद १७ इंची चाकं लावा. सगळ्या पोर्शेंचा पीसीडी ५ बाय १३०, थेट बसतात. आतून घासलं तर स्पेसर टाका. नट-बोल्टची भानगड नाही. टायर रुंद म्हणजे ग्रिप जास्त, कॉर्नरला गाडी चिकटून जाते. ९६८ ला कंपनीनेच रुंद चाकं दिली होती. आणि पोर्शेचाच ओरिजिनल पार्ट असल्यामुळे जर्मनीत ट्यूफवाला पण काही बोलत नाही."

यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घोळ होतोय, कारण साफ खोटं असतं तर कोणी पैसे घातलेच नसते.

पहिलं म्हणजे "सगळ्या पोर्शे" हे सोडून द्या. पीसीडी म्हणजे बोल्ट किती आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास किती मिमी. ९४४ चीच थोरली बहीण ९२४, तिच्या साध्या मॉडेलला चारच बोल्ट आहेत, ४ बाय १०८. आत्ताच्या मकानचा पीसीडी ५ बाय ११२. हां, ९४४, तिचीच पुढची आवृत्ती ९६८, पहिली बॉक्सटर म्हणजे ९८६, आणि ९९६ म्हणजे ९११ ची एक पिढी, या सगळ्या ५ बाय १३० वर आहेत आणि चाकाचं मधलं भोक, जे हबवर म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या भागावर बसतं, तेही ७१.६ मिमीच, तेवढं खरंय. पण पीसीडी जुळला म्हणून चाक घेणं म्हणजे आडनाव बघून स्थळ पक्कं करणं. खरी गोष्ट आहे ऑफसेट, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच शब्द कुठे नाहीये.

ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेघ आणि हबला टेकणारा भाग यातलं अंतर, रिमवर ईटी असं कोरलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं. ९४४ च्या दोन जाती आहेत आणि बाहेरून बघून पटकन कळत नाहीत. १९८६ मॉडेल इयरपर्यंतच्या गाड्यांना ईटी २३ ची चाकं, आणि १९८७ पासून एबीएससाठी पुढच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली, हबचा तोंडाचा भाग बाहेर आला, तेव्हापासून ईटी ५२. फरक २९ मिमीचा. बॉक्सटरची आणि ९९६ ची १७ इंची पुढची चाकं आहेत ७ इंच रुंद, ईटी ५५. म्हणजे १९८७ नंतरच्या गाडीला ती पुढे ३ मिमीच आत जातात, काही प्रॉब्लेम नाही. तेच चाक १९८४ च्या गाडीला लावलंत तर अख्खं चाक ३२ मिमी आत जातं.

मागचं तर बघण्यासारखं आहे. बॉक्सटरचं मागचं १७ इंची चाक ८.५ इंच रुंद, ईटी ५०. जुन्या गाडीचं ओरिजिनल ७ इंच, ईटी २३. गणित साधं आहे, रुंदी निम्मी करायची, आतल्या बाजूला ईटी मिळवायचा, बाहेरच्या बाजूला वजा करायचा. ओरिजिनल चाक हबच्या तोंडापासून आत ११२ मिमी जातं आणि बाहेर ६६ मिमी येतं. बॉक्सटरचं चाक आत १५८ आणि बाहेर ५८. म्हणजे दीड इंच जास्त रुंद चाक घेतलं, पैसे दिले, आणि ते आत ४६ मिमी घुसलं आणि बाहेरून बघाल तर आधीपेक्षा ८ मिमी खोल बसलं. गाडी रुंद दिसायच्या ऐवजी पोट आत घेतल्यासारखी दिसते वर आतून घासते ते वेगळंच. मग "थेट बसतात" म्हणणाऱ्यांचे फोटो बघा, बहुतेक गाड्या १९८७ नंतरच्या निघतील. ते खोटं नाही बोलत, त्यांची गाडी वेगळी आहे एवढंच.

९६८ चा दाखला पण इथेच येतो. हो, ९६८ ला कंपनीने १७ इंचात पुढे ७.५ आणि मागे ९ इंच दिलं होतं, दोन्ही ईटी ५५, टायर २२५/४५ आणि २५५/४०. पण ९६८ नवीन ऑफसेटवाली गाडी आहे. तिच्यावरून १९८७ नंतरच्या ९४४ बद्दल अंदाज बांधता येतो, १९८३ च्या गाडीबद्दल नाही.

आता स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये टाकायची चकती. लोक दोन टोकाला जातात, एक म्हणतो टाका बिनधास्त, दुसरा म्हणतो स्पेसर टाकला की बेअरिंग गेलं. दुसऱ्याचं पण सरसकट बरोबर नाही. ईटी ५५ च्या चाकामागे ३२ मिमीचा स्पेसर टाकला की टायरची मधली रेघ परत ईटी २३ ला होती तिथेच येते, मग बेअरिंगवरचा ताण होता तेवढाच राहतो. स्टिअरिंगचं पण तेच. ती रेघ जागेवरून बरीच आत किंवा बाहेर गेली की ब्रेक मारताना आणि खड्ड्यात चाक हातातलं स्टिअरिंग ओढायला लागतं, तो त्रास स्पेसरचा नाही, चुकलेल्या मापाचा.

खरी भीती स्टडची आहे. ९४४ ला हबमध्ये दाबून बसवलेले स्टड म्हणजे आटे पाडलेले दांडे आणि वरून नट असतात. नुसता चकतीसारखा जाड स्पेसर मध्ये घुसवला की त्या जाडीएवढा स्टड आत गायब होतो. एम१४ चा म्हणजे १४ मिमी जाड स्टड, १.५ चा पिच म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी, नटात किमान स्टडच्या जाडीएवढा थ्रेड तरी जायला पाहिजे, म्हणजे नऊ-दहा आटे. हाताने नट फिरवा आणि मोजा, पाना लावायच्या आधी. चार-पाच आट्यांत नट टाइट झाला तर ते चाक रस्त्यावर न्यायचं नाही, विषय संपला. शिवाय साध्या चकतीत हबची मधली कड बुडते, चाक मग हबवर सेंटर न होता फक्त नटांवर लटकतं आणि हायवेला स्टिअरिंग थरथरतं. एवढी जाडी हवीच असेल तर स्वतःचे स्टड असलेला, आधी हबला आवळून बसवायचा, दोन्ही बाजूंना ७१.६ ची कड असलेला स्पेसर घ्या, १३० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळा आणि थोडं चालवून परत चेक करा. हे करायला दोन जास्तीचे तास आणि बऱ्यापैकी पैसे जातात, आणि मग "स्वस्तातला अपग्रेड" स्वस्तातला राहतो का ते तुम्हीच बघा.

नटांबद्दल मात्र फॉरवर्ड बरोबर. नवीन पोर्शेंना बोल्ट असतात, ९४४ ला नट, पण रिममधली बसायची जागा दोघींत गोल, त्यामुळे ९४४ चे ओरिजिनल नट चालतात. बाजारातले कोनाच्या आकाराचे नट तेवढे लावू नका.

आता ग्रिप, जिथे माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं. टायर रुंद केला म्हणून रस्त्याला टेकणारा भाग त्याच प्रमाणात वाढत नाही, तो ढोबळमानाने चाकावरचं वजन आणि हवेचं प्रेशर यावर ठरतो. रुंदीने त्या भागाचा आकार बदलतो, लांबी कमी, रुंदी जास्त, कॉर्नरला त्याचा फायदा होतो हे मान्य. पण रबर कुठलं आहे आणि किती जुनं आहे याने त्याहून जास्त फरक पडतो. बऱ्याच जणांना जो "काय फरक पडला राव" वाटतो तो दहा वर्षं जुना कडक टायर जाऊन नवीन आल्याचा असतो, क्रेडिट मिळतं रिमला.

आणि कोणाची रुंदी कोणाला लावताय तेही बघा. ९९६ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे. बॉक्सटरचं मधोमध, तिचंही वजन मागे झुकलेलं. म्हणून त्यांना पुढे २०५ आणि मागे २५५ मिमी रुंद टायर, ५० मिमीचा फरक. ९४४ चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मुद्दाम मागे, त्यामुळे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. तिच्या १६३ पीएसच्या (पीएस म्हणजे जर्मन हॉर्सपॉवर) साध्या गाडीला कंपनीने पुढे-मागे एकाच मापाचे टायर दिले होते. १९८८ ची टर्बो एस, २५० पीएसची, तिला पुढे २२५ आणि मागे २४५. २४० पीएसच्या ९६८ ला १७ इंचात २२५ आणि २५५. म्हणजे ताकद इतकी वाढवूनही कंपनी २०-३० मिमीच्या पुढे गेली नाही आणि पुढचा टायर पण रुंद केला, आणि आपण १६३ पीएसवर ५० मिमी लावायचा आणि पुढे २०५ च ठेवायचा? मागचं चाक सुटतच नाही, पुढचं आधी सुटतं, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ जायला बघते. ९४४ ज्या एका गोष्टीसाठी लोक घेतात, तो बॅलन्सच घालवायचा आणि वर पैसे द्यायचे. १८ इंची ९९६ चा सेट तर मागे १० इंच, त्याला फेंडरची आतली कड वळवावी लागते. शो-शायनिंगसाठी करा, ग्रिपच्या नावाखाली नको.

ट्यूफवाल्याचं, म्हणजे जर्मनीत गाडी तपासून पास करणाऱ्याचं म्हणाल तर तो पार्टवर पोर्शेचा शिक्का बघून सोडत नाही. चाक ९९६ साठी मान्य आहे, तुमच्या ९४४ साठी नाही. कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेली जोडी असेल तर काम सोपं, नाहीतर वेगळी तपासणी करून कागदात नोंद, नाहीतर गाडीचं परमिटच रद्द होऊ शकतं, आणि अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच विचारणार. एच नंबरप्लेटवाल्यांनी, म्हणजे जर्मनीत ऐतिहासिक गाडी म्हणून नोंद असलेल्यांनी अजून सांभाळून. तिथे बदल गाडीच्या काळातला लागतो, साधारणपणे पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत होऊ शकला असता असा. १९८४ ची गाडी म्हणजे १९९४ पर्यंत. ९६८ तेव्हा बाजारात होती, बॉक्सटर आणि ९९६ अजून यायच्या होत्या.

१५ इंचात २१५/६० चे चांगले स्पोर्ट टायर आजकाल मिळत नाहीत म्हणून चाक बदलायचंय, ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी. मग जुन्या ऑफसेटवाल्यांनी १९८६ च्या टर्बोची १६ इंची शोधा, पुढे ७, मागे ८, दोन्ही ईटी २३, टायर २०५/५५ आणि २२५/५०, स्पेसर-बिस्पेसर काही नाही. नवीन ऑफसेटवाल्यांना १७ इंचच हवं असेल तर ९६८ चा सेट. गाडी कुठल्या जातीची ते चेसिस नंबरच्या दहाव्या अक्षरावर बघा, जी असेल तर १९८६, एच असेल तर १९८७. आधीच्या मालकाने हब किंवा सस्पेन्शनचे आर्म बदलले असतील तर तेही खोटं ठरतं, तेव्हा आत्ता लावलेलं चाक काढा, मागे कोरलेला ईटी वाचा, चाकामागे स्पेसर तर नाही ना ते बघा आणि मगच विकणाऱ्याला फोन करा.