ताणली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही

स्प्रिंगबद्दलचा एक खुलासा सध्या फार फिरतोय. त्याचं म्हणणं असं: स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती कडक होत जाते, म्हणून पुढे पुढे जास्त जोर लागतो. हा कडकपणा धातूचा गुण असल्यामुळे स्प्रिंग कापली तरी तो बदलत नाही. पोलाद जितकं कठीण, तितकी स्प्रिंग कडक. आणि कडक स्प्रिंगमध्ये ऊर्जा नेहमीच जास्त साठते. हे सगळं हूकच्या नियमाच्या नावावर सांगितलं जातं आणि मुलं ते तसंच पाठ करतात, म्हणून एकेक विधान तपासून घेऊ.

पहिलं विधान. ताणत गेलं की जोर वाढतो हे खरं, पण त्यासोबत कडकपणाही वाढतो हे चूक. रॉबर्ट हूकने 1676 मध्ये आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि 1678 मध्ये त्याची उकल दिली: जशी वाढ, तसं बल. समजा एक सेंटीमीटर ताणायला 5 न्यूटन लागले, तर दोनला 10 आणि तीनला 15 लागतील. बलाला वाढीने भागा. दर वेळी 500 न्यूटन प्रति मीटरच येतात. कडकपणा म्हणजे हा भागाकार, बल आणि वाढ यांच्या आलेखातल्या रेषेचा चढ. तुम्ही त्या रेषेवर किती वर पोचलात याच्याशी त्याचा संबंध नाही. (भागताना स्प्रिंगची एकूण लांबी धरायची नाही, मूळ लांबीपेक्षा झालेली वाढच धरायची. निम्म्या चुका इथेच होतात.)

मग पुढचा सेंटीमीटर जड का वाटतो? कारण हात आधीच्या सेंटीमीटरचं बल पेलून धरत असतो आणि त्यात आणखी 5 न्यूटनांची भर घालत असतो. भर दर वेळी तेवढीच असते, कार्य मात्र वाढतं: पहिल्या सेंटीमीटरला 0.025 ज्यूल, दुसऱ्याला 0.075, तिसऱ्याला 0.125. म्हणजे 1, 3, 5 या प्रमाणात. हाताला जाणवतं ते हे. त्याला कडकपणा हे नाव दिलं की सगळा घोळ सुरू होतो.

हातावर भरवसा नसेल तर घड्याळाला विचारा. या स्प्रिंगला अर्ध्या किलोचं वजन टांगून वरखाली हलवलं, तर एका आंदोलनाला साधारण 0.2 सेकंद लागतात, मग झोका लहान असो की मोठा. ताणल्यावर स्प्रिंग खरोखर कडक होत असती, तर मोठी आंदोलनं लवकर आटोपली असती. 1675 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने खिशातल्या घड्याळात बारीक केसासारखी स्प्रिंग बसवली, ती याच गुणाच्या बळावर.

दुसरं विधान मला सर्वांत खटकतं, कारण त्यामुळे स्प्रिंग चालते कशी हेच झाकलं जातं. तीच स्प्रिंग डोळ्यांसमोर आणा: पोलादाची 1 मिलिमीटर जाडीची तार, वेटोळ्याचा सरासरी व्यास 10 मिलिमीटर, वेटोळी 20. दहा न्यूटनांनी ती 20 मिलिमीटर लांबते. आता हीच तार उलगडून सरळ करा. ती सुमारे 63 सेंटीमीटर भरेल. तिला तेवढ्याच 10 न्यूटनांनी ओढलं, तर वाढ होते जेमतेम 0.04 मिलिमीटर. तार तीच, बल तेच आणि फरक पाचशे पटींचा! कारण वेटोळ्यात असताना तार ओढली जात नाही, तिला पीळ बसतो. प्रत्येक वेटोळ्यातली तार किंचित पिळवटते, म्हणून प्रत्येक वेटोळं थोडंसं उघडतं, आणि वीस वेटोळ्यांची वाढ एकत्र होऊन आपल्याला दिसते.

हे लक्षात आलं की कापण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. दहा वेटोळी उरली, तर त्याच बलाला निम्मी वाढ मिळेल. म्हणजे कडकपणा 1000 न्यूटन प्रति मीटर, बरोबर दुप्पट. धातूचा वाटा आहेच, दृढता गुणांकाच्या रूपाने (म्हणजे धातू पिळाला किती विरोध करतो याचं माप; पोलादासाठी तो सुमारे 80 गिगापास्कल), पण आकाराचा वाटा त्याहून फार मोठा. तारेची जाडी दुप्पट केली तर कडकपणा 16 पट होतो, वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला तर तो आठव्या हिश्शावर येतो.

‘कठीण पोलाद, कडक स्प्रिंग’ हे थोडक्यात निकालात निघतं. पोलादाला पाणी देऊन ते कठीण केलं तरी दृढता गुणांक जवळजवळ हलत नाही. साध्या पोलादाची आणि स्प्रिंगच्या पोलादाची, एकाच मापाची स्प्रिंग सुरुवातीला सारखीच ताणली जाते. फरक पडतो तो स्थितिस्थापक मर्यादेत, म्हणजे जिच्यापुढे ताणलं की स्प्रिंग मूळ आकारावर परत येत नाही त्या मर्यादेत: साधं पोलाद लवकर हार मानतं आणि स्प्रिंग कायमची वाकडी होते.

ऊर्जेच्या बाबतीत ‘नेहमीच’ हा शब्द चुकीचा आहे. दोन्ही स्प्रिंगा एकेक सेंटीमीटर ताणा: 500 वालीत 0.025 ज्यूल, 1000 वालीत 0.05. इथे कडक स्प्रिंग जिंकते. आता दोघींना 10 न्यूटनांचं सारखंच वजन टांगा: 500 वालीत 0.1 ज्यूल, 1000 वालीत 0.05. मऊ स्प्रिंग जास्त लांबते, म्हणून तिच्यात दुप्पट ऊर्जा साठते. वाढ सारखी की बल सारखं, हे सांगितल्याशिवाय प्रश्नच अपुरा राहतो.

ताणता किंवा दाबता कडक होत जाणाऱ्या वस्तू असतात, हे मान्य. शंकूच्या आकाराची स्प्रिंग दाबली की मोठी वेटोळी आधी टेकतात, मोकळी वेटोळी कमी होतात आणि कडकपणा वाढतो. रबरही खूप ताणल्यावर ताठर होतं. पण त्यांचा आलेख सरळ रेषेत येत नाही, तो वाकतो. जिथे तो वाकतो, तिथे हूकचा नियम संपलेला असतो.