‘सबमिट केलं की संपलं’ हे खरं नाही

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, सांगणं तेच: इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म एकदा सबमिट झाला की त्यात काहीच बदलता येत नाही. चूक झालीच असेल तर दुसरा मोबाइल नंबर देऊन नवा फॉर्म भरा. तक्रार करायला गेलात तर अर्जच बाद होईल. आमच्या भागातल्या मुलांचे फॉर्म भरायला मी दरवर्षी बसतो. या मेसेजनं काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून उत्तर देतोय.

‘सबमिटनंतर बदल नाही.’ सबमिट केलेला अर्ज आधी पडताळणीला जातो. ई-स्क्रूटिनी, म्हणजे ऑनलाइन पडताळणी, निवडली असेल आणि त्रुटी निघाली, तर अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये परत येतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. पडताळणीसाठी केंद्रावर जाणार असाल तर मूळ कागद पाहून तिथं दुरुस्ती होते. अर्ज कन्फर्म झाल्यावरही एक संधी उरते. आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, मग हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत लॉगिनमधून ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार अर्ज, टाकायचा आणि कागद जोडायचा. तो मान्य झाला की नाही हे लॉगिनमध्येच कळतं आणि सुधारित पोचपावतीही तिथंच मिळते. यादीला तात्पुरती म्हणतात ते याचसाठी.

गुण, प्रवर्ग, बारावीचा जिल्हा, टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्कमाफीचा) पर्याय, सगळं याच काळात बघायचं. जिल्हा चुकला तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे तुमच्या जिल्ह्याचं विद्यापीठ, चुकते. टीएफडब्ल्यूएसला ‘नाही’ म्हटलं गेलं, तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असूनही शिक्षण शुल्कमाफीच्या जागांसाठी मुलाचा विचारच होत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलानं नॉन-क्रीमिलेअर दाखला (प्रवर्गाच्या आरक्षणासाठी लागणारा) हातात नव्हता म्हणून फॉर्ममध्ये ‘ओपन’ टाकलं. तीन दिवसांत सेतूतून दाखला आला. पण तोवर घरात हा मेसेज पोचला होता. आता काही होत नाही असं समजून सगळे गप्प बसले. माझ्या कानावर आलं तेव्हा अंतिम यादी लागून गेली होती आणि त्याला सगळ्या फेऱ्या ओपनमधूनच खेळाव्या लागल्या. दाखला कपाटात होता, पोरगा हुशार होता, मुदतही शिल्लक होती. त्याची आई अजून मला विचारते, तेव्हाच का नाही सांगितलंत. मला कळलंच नव्हतं, हे उत्तर मलाही पुरत नाही.

‘नवा फॉर्म भरा.’ हे कृपा करून करू नका. एका उमेदवाराचा एकच अर्ज असतो. दोन अर्ज निघाले तर निस्तरायला जास्त वेळ जातो, आणि या दिवसांत वेळच नसतो.

‘तक्रारीनं अर्ज बाद होतो.’ होत नाही. ग्रीव्हन्स फेटाळला गेला तर आधीचा अर्ज तसाच राहतो. दुरुस्तीनंतर गुणवत्ता क्रमांक पुढेमागे होऊ शकतो, कारण इतरांच्याही दुरुस्त्या झालेल्या असतात.

मेसेजमधली एक भीती मात्र खरी आहे: अंतिम यादीनंतर प्रवर्गाचा नवा दावा लावून घेणं जवळपास अशक्य होतं. आणि नोंदणी-पडताळणीची मुदतच चुकवली, तर अर्ज फक्त नॉन-कॅप, म्हणजे या प्रक्रियेबाहेर भरल्या जाणाऱ्या, जागांसाठी धरला जातो. कॉलेजांची पसंती भरायचा ऑप्शन फॉर्म वेगळा. तोही कन्फर्म केला की त्या फेरीपुरता पक्का, पण पुढच्या फेरीत जात असाल तर पसंती नव्यानं भरता येते.

गुणपत्रिकेवरच नाव चुकलं असेल, तर कॅपच्या लॉगिनमध्ये शोधत बसू नका. ते काम शाळा-कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जातं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज द्या.

बाकी, कन्फर्म झाल्यावर मिळालेल्या पोचपावतीची प्रिंट काढा, शेजारी गुणपत्रिका आणि दाखले ठेवा आणि ओळ न् ओळ जुळवा. नॉन-क्रीमिलेअरची तारीख बघाच: तो प्रवेशाच्या वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध लागतो. 2025-26 च्या प्रवेशाला म्हणजे 31 मार्च 2026.