म्हणे, एक नंबर मोठा घ्या!

लातुरात बर्फ दिसतो तो गारपिटीतच, त्यामुळे स्नोबोर्डचे, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीचे, बूट गुलमर्गला पोहोचल्यावर भाड्याने घ्यावे लागतात, हे मान्य. पण दर हिवाळ्यात तिथला दुकानदार आणि आमच्या गटातले जाणकार एकाच सुरात ‘एक नंबर मोठा घ्या, दोन मोजे घाला’ हाच सल्ला का देतात, हे कळायला मार्ग नाही. सैल बुटात पंजावर जोर देऊन वळताना टाच आतल्या आत उचलली जाते, फळी उशिरा वळते, आणि ती टाच दाबून धरण्यासाठी बाइंडिंगचे, म्हणजे बूट फळीला जखडणाऱ्या पकडीचे, पट्टे करकचून आवळले की तळपायाला गोळे येऊन बोटे बधिर होतात. वास्तविक या बुटांचे माप पायाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये ठरते, २६.५ सेंटिमीटरच्या पायाला २६.५ चाच बूट हवा, ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरावीत. पाय पसरट असेल, तर लांब नव्हे, रुंद बूट मागावा. मोजा एकच, तोही पातळ. एवढे समजावून सांगितल्यावर उत्तर काय मिळते, तर ‘अहो, नवीन आहात, पाय दुखणारच!’ दुखणारच म्हणे! आणि मी पट्टी काढून पाय मोजायला बसलो, की हीच मंडळी फिदीफिदी हसतात.