बदकांचा जुगार

शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात, भरल्या वेटिंग रूममध्ये, मी पोटच्या पोरीला जुगार शिकवतो असं जाहीर झालं. अजून ठणका जात नाहीये. दाताचा नव्हे, डोक्याचा.

कन्या पहिलीत आहे. तिच्या बाईंनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेरीज-वजाबाकीच्या एका ऑनलाइन गेमची लिंक टाकलीय. 'रोज वीस मिनिटे. स्क्रीनशॉट पाठवणे.' तळ्यात सात बदकं, तीन भुर्रकन उडाली, किती उरली? उत्तर बरोबर आलं की खणखण नाणी पडतात. तो आवाज बंद कुठून करायचा हे त्या बनवणाऱ्यालाच ठाऊक.

खणखणाट ऐकून शेजारचे काका सावध झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गालावर रुमाल दाबलेला.

"ऑनलाइन गेम का?"

"हो. गणिताचा आहे."

"बंदी आहे."

"कशावर?"

"ऑनलाइन गेमवर. ऑगस्ट 2025. संसदेत कायदा झालाय. तीन वर्षं कैद, एक कोटी दंड." 'एक कोटी' नीट उमटावं म्हणून त्यांनी रुमाल क्षणभर बाजूला घेतला.

मी समजावलं, की अहो, तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमसाठी आहे. ही शिक्षासुद्धा गेम चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. शिकवणाऱ्या खेळांना तर त्यात मोकळीकच आहे.

"मग ही नाणी कसली?"

"खोटी आहेत हो ती."

"म्हणजे नकली चलन."

यावर काय बोलणार? तेवढ्यात कन्येला दानधर्म सुचला. "आजोबा, माझ्याकडे खूप कॉइन्स आहेत. दहा देऊ तुम्हाला?"

काका खुर्चीसकट सरकले. "बघा! या वयात!" समोरच्या बाई इतका वेळ मासिकात तोंड घालून बसल्या होत्या. त्यांनी कळवळून विचारलं, "किती गेले हो तुमचे आत्तापर्यंत?"

आता, त्या गेमवर मलाही चिडायचंय, पण कारण वेगळं आहे. उत्तराला तीन पर्याय असतात आणि चुकलं तरी काही बिघडत नाही. त्यामुळे पोरगी तिन्हींवर धडाधड बोट मारते आणि एक लागतंच. मोजते कोण! शिवाय तिथे वजाबाकी म्हणजे बदकं उडणार, फुगे फुटणार, केळी माकड नेणार. काहीतरी जायलाच हवं. मी घरी विचारलं, "तुझ्याकडे सात पेन्सिली, दादाकडे चार. तुझ्याकडे किती जास्त?" तर म्हणाली, "कोणीच उडालं नाही, मग वजाबाकी कशी?" स्क्रीनशॉटमध्ये मात्र तीन सोनेरी तारे.

आणि आकडे बोलायचे कसे, ही वेगळीच मौज. आपण म्हणतो 'तेवीस' आणि लिहितो मात्र आधी दोन. पोरगी जसं ऐकते तसं 32 लिहून मोकळी होते. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी सोपी सोय दिली, तर केवढा धुरळा उडाला! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या, आणि मराठी बुडाली म्हणून लोक गळा काढत होते. आता गेम सरळ 'ट्वेंटी थ्री' म्हणतो. कोणाचं काही बुडत नाही. लिंक आली की आपण मुकाट्यानं डाउनलोड करतो, पाचव्या लेव्हलला कुलूप लागतं, मग पैसे भरतो. वर्गातल्या पोरांना चिंचोके देऊन चार दिवस मोजायला बसवलं असतं तर भागलं असतं. पण चिंचोक्यांचा स्क्रीनशॉट निघत नाही ना.

हे सगळं मला काकांना सुनवायचं होतं, पण त्यांचा नंबर लागला. आत जाता जाता ते काउंटरवर थांबले, माझ्याकडे पेन रोखलं आणि तिथल्या मुलाला म्हणाले, "यांच्यावर लक्ष ठेवा." त्या मुलानं मान डोलावली आणि खरोखर ठेवलं.

आमचं आटोपून मी पैसे द्यायला गेलो. त्यानं पावती फाडली, इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवरून पुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, माझं रमीचं बंद पडलंय. तुमचं कुठलं चालू आहे?"